वाफशाची वाट पाहणारा

वाफशाची वाट पाहणारा माणूस नगर जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांत आढळतो. जिल्ह्याचं नाव 2024 साली अहिल्यानगर झालं. सगळ्या कागदांवर ते एकसारखं येईपर्यंत हा जुनंच लिहितो.

वाफसा म्हणजे जमिनीत ओल आणि हवा बेताची असणं. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, टाकला की फुटावा, एवढी साधी परीक्षा. सप्टेंबर निम्मा सरला की हा रोज बांधावर बसून गोळे वळतो. फुटला तर ‘लईच वाळलं’, नाही फुटला तर ‘अजून ओल हाय’. 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हा रब्बी ज्वारीच्या पेरणीचा महिना. त्यातले तीन आठवडे गोळ्यांत जातात. तोवर शेजाऱ्याची पाभर पेरणी उरकून छपरात जाऊन पडलेली असते.

अज्ञान हे याचं कारण मुळीच नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे वाण त्याला तोंडपाठ असतात: हलक्या रानाला फुले माउली, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. दोन ओळींत 45 सेंटिमीटर, काणी येऊ नये म्हणून किलोला 4 ग्रॅम गंधक. लोक त्याच्याकडे सल्ल्याला येतात आणि जाऊन पेरतात. त्याचं स्वतःचं रान मध्यम की भारी, हे मात्र अजून ठरायचं असतं.

खरी भीती तासाची, म्हणजे पेरणीच्या ओळीची. तास वाकडा गेला की उगवण झाल्यावर तो रस्त्यावरून दिसतो, आणि असं काही दिसल्यावर नगरी माणूस गप्प बसत नाही. ‘पाभर कुणी धरली व्हती रं?’ एवढं पारावर कुणी म्हटलं की पेरणाऱ्याचा आठवडा गेला. न पेरलेल्या रानात तास वाकडा जात नाही.

त्याच्या सबबींनाही इतिहास असतो. नेवाशाला ज्ञानेश्वरांच्या पैस खांबापाशी उभा राहून तो म्हणतो, टेकायला असा खांब मिळता तर आपणही काही केलं असतं. नगरच्या किल्ल्यात नेहरूंनी 1944 साली पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढलं, हे सांगावं तर ‘त्यांना निवांतपणा होता’ हे उत्तर तयार. तो निवांतपणा इंग्रजांच्या कैदेतला होता, एवढं सोडलं तर मुद्दा बिनतोड आहे.

याच जिल्ह्यात दुसरी जातकुळीही आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना काढायचं घेतलं तेव्हा नमुना म्हणून पाहायला शेजारपाजारी तसा कारखाना नव्हता. गावोगाव हिंडून भागभांडवल गोळा झालं आणि 1950 साली प्रवरेकाठी तो सुरू झाला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. घरात गावठी बियाणं राखत गेल्या, त्याची बियाणे बँक झाली आणि 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. दोघांचाही याला केवढा अभिमान! फोटोही आणून ठेवलेत. खिळा बरोबर मध्यावर ठोकायचा असल्यानं ते वर्षभर भिंतीला टेकून उभे आहेत.

यावरचा इलाज बहुधा घरातून होतो. एके सकाळी आई बियाण्याची पाटी बांधावर आणून ठेवते आणि विचारते, ‘तू पेरतोस का मी पेरू?’ पहिला तास वाकडा जातो. दुसराही जातो, पण जरा कमी. आवळलेल्या मुठीतून बी कधी दाट पडतं, कधी पडतच नाही. दहाव्या तासाला मूठ सैल होते, चाड्यात बी सारखं सुटू लागतं. मागे वळून पहिला तास बघायची त्याला फार इच्छा असते. बैल पुढे चाललेले असताना ते जमत नाही.

उगवण झाल्यावर पारावर चौकशी होतेच. ती दोन दिवस चालते, मग उसाच्या भावाचा विषय निघतो. ज्वारी कमरेला लागली की तास दिसेनासे होतात. जानेवारीत हुरड्याला पाहुणे येतात. हे कणीस पहिल्या तासातलं, असं तो आपणहून सांगू लागतो. पाहुणे शेंगदाण्याची चटणी मागतात.