मापात पाप

पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून नळाला दिवसाआड पाणी येतं. मोशीतल्या नव्या सोसायट्यांची मधली तहान टँकर भागवतो. टँकरमागोमाग हायपोचा, म्हणजे जंतू मारणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइटचा, कॅन येतो आणि कॅनमागोमाग वाद: घालायचं किती? ‘अंदाजाने एक मग’ हे रूढ माप. मग केवढा, हे मात्र उपविधीत कुठेच नाही.

हिशेब तसा सोपा. दहा हजार लिटर पाण्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा, तर लागतो २० ग्रॅम. हायपो दहा टक्क्यांचा, म्हणजे लिटरमागे १०० ग्रॅम क्लोरीन देणारा असेल, तर २०० मिलिलिटर पुरे. ३३ टक्क्यांची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर असेल, तर साधारण ६० ग्रॅम. जंतूंशी भांडतात ते २० ग्रॅम. बाकी पाणी न् चुना म्हणजे नुसतं वऱ्हाड. पण वऱ्हाड मोजल्याशिवाय पंगत ठरत नाही.

गोम पुढेच आहे. उन्हात आणि उकाड्यात हायपोचा जोर बसल्या जागी उतरतो. गच्चीवर एप्रिल-मे काढलेल्या कॅनवरचं ‘१० टक्के’ तसंच टवटवीत असतं. आत पाचच उरले असतील, तर लागणार ४००. लेबल वाचून हिशेब करणारा गणितात पास, टाकीत नापास. माणसांचंही तेच. वीस वर्षांपूर्वीच्या डिग्रीवर आम्ही सोसायटीचा तांत्रिक सल्लागार नेमतो. डिग्री उन्हात किती राहिली, हे कोण विचारतो?

आमच्याकडचे एक काका भोसरीच्या प्लेटिंग शॉपमधून निवृत्त झाले. बाथचं, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणाचं, टायट्रेशन करण्यात हयात गेलेली. ते मगाकडे बघून म्हणाले, “अहो, लेबल मालकाला दाखवायला असतं. आत काय आहे ते बाथलाच ठाऊक.”

शिवाय पाण्यातला मळ आपला वाटा आधी खातो. राखणीला उरतो तो उरलेला क्लोरीन. म्हणून मात्रा दिल्यावर अर्ध्या तासाने तपासायचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा.

तेव्हा मंडळी, कॅनचा भाव विचाराल तेव्हा तो भरला कधी हेही विचारा. कॅन सावलीत ठेवा, मापाला मेजरिंग सिलिंडर आणा, आणि मग आंघोळीला राहू द्या.