नंबर नसलेला डॉक्टर

शैक्षणिक कर्जाचा हप्ता थकवणाऱ्या नर्सचा परवाना काढून घ्या, असा तोडगा सध्या आमच्या बदलापुरातल्या शिरगावच्या नाक्यावर फिरतोय. जनक अर्थातच एक निवृत्त शाखा व्यवस्थापक. उभ्या नोकरीत साहेबांनी कुणाला धड कर्ज दिलं नाही, त्यामुळे त्यांचं एकही बुडालं नाही.

अमेरिकेत असंच करतात म्हणे. करायचे खरे. तिथल्या बऱ्याच राज्यांत शैक्षणिक कर्ज थकलं की नर्सचा परवाना गोठवता यायचा. टेक्ससनं २०१९मध्ये हा प्रकार बंद केला. दक्षिण डकोटानं तर राज्याचं देणं थकवणाऱ्याला गाडीचा परवाना नाही आणि मासेमारीचाही नाही, असा नियम केला. म्हणजे कामावर जायचं नाही आणि भूक लागली तर गळही टाकायचा नाही!

काम बंद केल्यावर हप्ता कुठून येणार, असं मी साहेबांना विचारलं. ‘धाक बसेल,’ म्हणाले.

धाकाचा प्रयोग आपल्याकडेही झालाय. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालात की वर्षभर सरकारी सेवा करा, नाहीतर १० लाख भरा, असा बॉण्ड असायचा. पदव्युत्तरला ५० लाख, त्याच्याही वर शिकलात तर २ कोटी. बॉण्ड पाळला नाही तर नोंदणीच अडवू, ही भाषाही होऊन गेली. खेड्याला डॉक्टर मिळत नाही म्हणून तो शहरालाही मिळू द्यायचा नाही, असा हा समतेचा विचार.

पण मला काळजी वेगळीच आहे. ती आमच्या गल्लीतल्या पाटीची. पाटीवर ‘डॉक्टर’ ठसठशीत, नावापुढे चार-पाच इंग्रजी अक्षरं आणि कंसात एक लांबचं शहर. नोंदणी क्रमांक? तेवढीच जागा पेंटरनं मोकळी सोडलीय. आता समजा, साहेबांचा कायदा आला. पथक शिरगावात उतरलं. नंबर असलेल्या डॉक्टरीणबाईंचा नंबर घेतला, नर्सचा घेतला, फिजिओथेरपिस्टचा घेतला आणि या पाटीपाशी येऊन थबकलं. इथून काय काढून घेणार? परवाना नाही, नोंदणी नाही, पाच वर्षांनी करायचं नूतनीकरण नाही. शिक्षणच झालेलं नसल्यानं शैक्षणिक कर्जही नाही! पथकातल्या एकाला कणकण वाटत असेल, तर तो आत जाऊन एक इंजेक्शन टोचून घेईल. १९६१चा कायदा आहे, त्यात अशा माणसाला तुरुंग आहे. पण धाड पडते तेव्हा हा गावी गेलेला असतो आणि परत येतो तेव्हा पाटीवरचा कंस तेवढा बदललेला असतो.

आणि ती नर्स! चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, असं जाहिरातीत म्हणतात. तारण नाही कसं? सहकर्जदार म्हणून बापाची सही असते ना. अभ्यासक्रम संपला की वर्षभराची सवलत, मग हप्ता. पगार किती, हे बदलापुरातल्या कुठल्याही खासगी नर्सिंग होमच्या मागच्या दारी विचारा. पुढच्या दारी कुणी सांगणार नाही. बारा तास रात्रपाळी, सकाळी सुटल्यावर समोरून येणाऱ्या लोकलच्या गर्दीशी झटापट, वर वसुलीवाल्याचा फोन थेट मेट्रनला. या मुलीला धाक कमी पडला म्हणून हप्ता थकला, असं ज्याला वाटतं त्याला एक रात्र आयसीयूत उभं करा. बसायला खुर्ची देऊ नका. महिनाअखेरीला तिचाच पगार हातावर ठेवा, आणि मग विचारा, साहेब, हप्ता कितीचा कापू? शिकवायचे पैसे घ्यायचे, राबवायचे पैसे द्यायचे नाहीत आणि वर बुडवी तीच!

साहेबांनी गेल्या आठवड्यात ताप आला म्हणून त्या गल्लीतच दाखवलं. बाटली लावून घेतली, बरं वाटलं. डॉक्टर फार सज्जन आहे, म्हणाले. चारचाकीसाठी कर्ज काढलंय त्यानं, एक हप्ता चुकलेला नाही.