मुलांना रस्त्यावर कसे आणावे

ही कृती ब्रिस्टलमधल्या मराठी पालकांसाठी आहे. इतरांनीही करून बघायला हरकत नाही.

सर्वप्रथम, आयपॅड लपवू नये. तांदळाचा डबा, पांघरुणांचं कपाट, भारतातून आलेली रिकामी बॅग या सगळ्या जागा मुलांना पाठ असतात. स्क्रीनची निंदाही करू नये, कारण हे गाव त्याच धंद्यातलं. 'शॉन द शीप' इथल्या आर्डमन स्टुडिओचं अपत्य आणि बीबीसीचा निसर्गपट काढणारा विभाग १९५७ पासून इथलाच. "बाबा, हे तर आपल्याच गावात बनतं," असं मूल म्हणालं की तुम्ही हरलात.

किती वेळ चालेल, याचा आकडा शोधायच्या फंदात पडू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास दिला. त्याच वर्षी ब्रिटनच्या बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने तासांची मर्यादा घालून द्यायचं टाळलं. त्यामुळे घरात ज्याला जो कागद सोयीचा, तो त्याने वाचून दाखवावा. आजीचा व्हिडिओ कॉल हिशेबात धरू नये. तसंही हिवाळ्यात इथली शाळा सुटते तेव्हा पुण्यात रात्रीचे नऊ वाजलेले असतात आणि आजी स्वतःच मालिकेत बुडालेली असते.

आता मुख्य कृती. साहित्य: एक रस्ता, चकाकती पिवळी जाकिटं, शिट्ट्या, 'रस्ता बंद'ची पाटी आणि शेजारी. पद्धत इथलीच आहे. २००९ साली अ‍ॅलिस फर्ग्युसन आणि एमी रोज या दोन आयांनी शाळा सुटल्यावर आपल्या राहत्या रस्त्यावरच्या गाड्या काही तास थांबवल्या आणि पोरांना मोकळं सोडलं. त्यातून 'प्लेइंग आउट' चळवळ उभी राहिली आणि ब्रिस्टल कौन्सिलने अशा रस्तेबंदीला रीतसर परवानगी द्यायला सुरुवात केली. (खेळासाठी रस्ते बंद करण्याचा कायदा ब्रिटनने १९३८ सालीच केला होता. मधल्या काळात गाड्या वाढल्या आणि पोरं आत गेली. दोष आयपॅडला मिळाला.)

अर्ज भरण्याआधी दारोदार चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. आपल्याकडे आधी काच फुटते, मग शेजाऱ्याशी ओळख होते. इथे ओळख आधी करून घ्यावी. सोबत चिवडा न्यावा, तिखट कमी.

त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकेका पालकाने जाकीट घालून उभं राहायचं. इथेच पुष्कळ जण गळतात, कारण तेवढा वेळ खिशातला फोन काढता येत नाही. गल्लीतल्याच कुणाची गाडी आली तर शिट्टी वाजवून पोरं बाजूला घ्यावीत आणि वरातीतल्या काकांसारखं गाडीपुढे सावकाश चालत तिला घरापर्यंत पोचवावं. नाचू नये.

मुलं सुरुवातीला "बोअर होतंय" म्हणतील. म्हणू द्यावं. मराठी पालकाला या क्षणी लगोरीचा इतिहास, नियम आणि सांस्कृतिक महत्त्व सांगायची प्रबळ इच्छा होते, ती दाबावी. स्पर्धा, गट, प्रमाणपत्रं, काही नको. खडूचा डबा रस्त्यावर ठेवून आपण लांब व्हावं. थोड्या वेळाने कुणीतरी कुणाच्या तरी सायकलवर बसून पडतं, आणि मग खेळ आपोआप जमतो. पाऊस आला तर मुलांना चालतो. डिसेंबरात मात्र चारलाच अंधार पडतो. त्या महिन्यात खुशाल टीव्ही लावावा आणि अपराधी वाटून घेऊ नये.

परवानगीची वेळ संपली की "आता पुरे, आत ये" म्हणू नये. हे वाक्य वर्षभर आयपॅडवर वापरून बोथट झालेलं असतं. "कौन्सिलने दिलेली वेळ संपली" एवढंच सांगावं. आईला न जुमानणारी पोरं कौन्सिलला मानतात. जाणार नाहीत ती मोठी माणसं: कोपऱ्यावर उभी राहून चिवड्यात नेमकं काय घातलं होतं ते विचारत बसतील. त्यांना हलवायला पुन्हा शिट्टी वाजवावी.