वेळापत्रकात बसेल तो मायनर

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पोचलेल्या मुलाला दोन गोष्टी कळून चुकलेल्या असतात. एक, आपली ब्रँच चुकली. दोन, आता ती बदलून मिळणार नाही. नेमक्या त्याच मुहूर्तावर कॉलेज त्याच्यापुढे मायनरचा फॉर्म ठेवतं. मग मेकॅनिकलवाला कॉम्प्युटरचा मायनर मागतो, सिव्हिलवाला डेटा सायन्सचा आणि कॉम्प्युटरवाला फायनान्सचा. कॉम्प्युटरवाल्याने हौसेने मेकॅनिकलचा मायनर मागितल्याचं मात्र अजून कुणाच्या ऐकिवात नाही.

कागदावर हिशेब सोपा आहे. एआयसीटीईच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीला १६० क्रेडिट, आणि मायनर किंवा ऑनर्स हवा असेल तर वर आणखी २०. आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे एक क्रेडिट. प्रॅक्टिकलला मात्र दोन तास घासले की एक. वीस क्रेडिट चार सेमिस्टरांत वाटले तर आठवड्याला निदान पाच तास. एवढे तर मुलगा टपरीवर सहज काढतो. फरक इतकाच, की टपरीचे तास त्याच्या सोयीने येतात.

आयआयटी मुंबईने २००७ मध्ये अभ्यासक्रम बदलला तेव्हा मायनर आणला, तो ३० क्रेडिटांचा. आकडा ऐकून पुण्याच्या पोराला घाम फुटतो. पण पवईत तीन तासांच्या विषयालाच सहा क्रेडिट मोजतात. म्हणजे विषय पाचच. घाम दोन्हीकडे सारखा.

खरी गंमत टाइमटेबलात आहे.

समजा, तिसऱ्या वर्षाच्या एका मेकॅनिकलवाल्याला डेटाबेस शिकायचाय. त्याचं लेक्चर मंगळवारी दुपारी दोन ते चार. त्याच वेळी त्याच्या बी-वन बॅचचं हीट ट्रान्स्फरचं प्रॅक्टिकल. तो बॅच बदलून मागायला लॅबच्या मॅडमकडे जातो. त्या म्हणतात, "एचओडी सरांची सही आण." सर म्हणतात, "आधी टाइमटेबल कोऑर्डिनेटरना विचार." कोऑर्डिनेटर मान वर न करता म्हणतात, "मॅडमना चालत असेल तर माझी काही हरकत नाही." दोन फेऱ्या झाल्यावर बी-टूमधला एक मित्र बॅच बदलायला तयार होतो, अट एकच, सेमिस्टरभर त्याचं जर्नल यानेच लिहायचं. परिणामी डेटाबेस त्याला एकदा समजतो आणि हीट ट्रान्स्फर दोनदा.

टाइमटेबल जुळलं, तरी पायऱ्या उरतातच. ऑपरेटिंग सिस्टिमला बसायचं तर आधी डेटा स्ट्रक्चर्स झालेलं हवं, आणि ते असतं विषम सेमिस्टरला. एक संधी हुकली की वर्ष गेलं. शिवाय पंच्याहत्तर टक्के हजेरीचा धाक. इकडच्या वर्गात बसला की तिकडच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव.

म्हणून बरेच जण ऑनलाइनचा रस्ता धरतात. स्वयम २०१७ मध्ये सुरू झालं. त्यावर एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा कोर्स साधारण तीन क्रेडिटांना धरतात. असाइनमेंटला २५ गुण, परीक्षेला ७५. पास व्हायला अनुक्रमे निदान १० आणि ३०. शिकणं फुकट, परीक्षेला फी, आणि परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यायची. बारापैकी उत्तम आठच असाइनमेंट मोजतात, हे कळल्याबरोबर मुलं पहिले चार आठवडे सुट्टीचे समजतात. पाचव्या आठवड्याचा व्हिडिओ लावल्यावर उमगतं, की सर पहिल्या चारांतलंच पुढे शिकवताहेत. मग डेडलाइनच्या रात्री साडेअकराला हॉस्टेलच्या वायफायची खरी परीक्षा होते.

एवढं करून मिळतं काय? मार्कशीटवर एक जास्तीची ओळ, आणि इंटरव्ह्यूत एक हमखास प्रश्न: "हा मायनर का घेतलास?" "मंगळवारी दुपार मोकळी होती" हे खरं उत्तर देता येत नाही. पण ज्याने विषय मनापासून घेतला, त्याच्यासाठी हाच प्रश्न म्हणजे आयता फुलटॉस. दीड वर्ष मशीनच्या बेअरिंगचा आवाज ऐकलेल्या आणि त्या आवाजाचा डेटा हाताळता येणाऱ्या मुलाला दोन्ही गोष्टी एकत्र सांगता येतात. नुसत्या कोडिंगवाल्याला बेअरिंग कुठे असतं तेच ठाऊक नसतं.

आता तर निवडीचा प्रश्नही अर्धा सुटलाय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रात १४ क्रेडिटांचा मल्टिडिसिप्लिनरी मायनर पदवीतच घातला आहे. पूर्वी हौशी मुलं मागून घेत, आता सगळ्यांच्या पानात वाढतात. मात्र एक फरक फॉर्म भरण्याआधी नीट समजून घ्या. वरच्या २० क्रेडिटांचा मायनर अर्धवट सुटला, तरी १६० ची पदवी हातात पडते. आतल्या १४ मध्ये एक जरी केटी राहिली, तरी पदवीच अडकते. आपला मायनर आतला की वरचा, एवढं सही करण्यापूर्वी विचाराच.