खिळा टाकू नका

डिकीत हेल्मेट मावत नाही अशी तक्रार करणारे स्कूटरवाले पुष्कळ असतात. डिकीत पंक्चरचं किट मावावं म्हणून हेल्मेट कोपराला अडकवून फिरणारा गृहस्थ गल्लीत एकच असतो, आणि तो तुमच्या चांगला ओळखीचा आहे. वसईच्या होळीत राहत असाल तर तामतलाव ते पारनाका एवढ्या टापूत तो तुम्हाला सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा भेटतोच. कुणी त्याला काका म्हणतं, कुणी अंकल. कुठल्या तरी सरकारी खात्यातून तो निवृत्त झालेला असतो. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी पेनासारखंच हवा मोजायचं गेज खोचलेलं असतं. समोरच्याच्या तोंडाकडे बघण्याआधी तो त्याच्या मागच्या टायरकडे बघतो. 'काका, मुलीचं लग्न ठरलं,' असं कुणी सांगितलं तर 'वा! पण हवा कमी वाटते रे,' हे त्याचं अभिनंदन. बोंबील घेऊन घाईने निघालेल्या बाईला तो हात करून थांबवतो, स्वतः उकिडवा बसतो आणि चाक फिरवायला लावतो. पिशवीतून पाणी गळत असतं, पण त्याचं लक्ष टायरच्या नक्षीत रुतलेल्या खड्यावर असतं. तो खडाच निघाला, की त्याचा चेहरा पडतो.

हा पडलेला चेहरा माझ्या म्हणण्याचा पहिला पुरावा. गाव त्याला परोपकारी समजतं. मला वाटतं, गाव फसलेलं आहे. त्याला पंक्चर काढण्यात काडीचा रस नाही, त्याला खिळा हवा असतो. दुसरा पुरावा हवा तर त्याचं काम बारकाईने बघावं. आधी स्कूटर डबल स्टँडवर. मग गुडघ्याखाली वर्तमानपत्राची घडी. उजवीकडे सायलेन्सर आडवा येतो म्हणून चाक फिरवून खिळा नंबरप्लेटच्या खाली आणायचा, बोट थुंकीने ओलं करून त्याच्या डोक्यावर टेकवायचं, आणि बुडबुडा आला की 'बघा' म्हणून जमलेल्यांकडे बघायचं. पक्कड लावायच्या आधी खिळा कुठल्या कलाने गेलाय ते तो मान तिरकी करून पाहतो, कारण रिमर त्याच कलाने घालावा लागतो. इथवर सगळं शास्त्रशुद्ध. खिळा निघतो, हवा फुस्स करते, आणि अशा वेळी कुठल्याही शहाण्या माणसाने रिमरला हात घालावा. हा तो खिळा उजेडात धरतो. मालक बिचारा पायाने गटारात ढकलायला टपलेला असतो, म्हणून हा न बघताच ओरडतो, 'खिळा टाकू नका!' टायर बसत चाललाय, मागून रिक्षावाला हॉर्न मारतोय, आणि हा नखाने गंज खरवडून म्हणतो, 'मंडपाचा आहे.' मग कुठे रिमर आत-बाहेर होतो, सुईच्या नाकात काळी चिकट स्ट्रिप ओवली जाते, सोल्यूशनची ट्यूब पिळली जाते (त्यातून काही येत नाही), सुई जोर लावून आत आणि एका झटक्यात बाहेर, स्ट्रिप आत अडकते, वरची शेपटं ब्लेडने कापली जातात. पायपंपावर नाचायचं काम मालकाचं. तोवर खिळा रुमालात गुंडाळून खिशात गेलेला असतो.

घरी त्याचा श्रीखंडाचा एक रिकामा डबा आहे. खिळे त्यात जातात. दर खिळ्याच्या पोटाला कागदाची चिकटपट्टी, तिच्यावर तारीख आणि जागा. पाहुणे आले की आतून 'अहो, निदान चहा होऊ दे' असं ऐकू येतं, तरी डबा उघडतोच. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा मराठ्यांनी इथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या, त्यातल्या काही नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, मेणवलीला अजून टांगलेल्या आहेत. वसईकर त्या घंटांबद्दल जेवढ्या ऐटीत बोलतो, तेवढ्याच ऐटीत हा पापडीच्या नाक्यावर मिळालेल्या दीड इंची खिळ्याबद्दल बोलतो. गणपती-नवरात्रातले आणि मे महिन्यातल्या लग्नांचे खिळे मंडपाचे, लांब आणि वाकडे, कारण ते ठोकण्यापेक्षा उपटण्यात जास्त वाकतात. कार्तिकात निर्मळच्या जत्रेनंतर दुकानांच्या फळ्यांचे येतात. जानेवारीत नाताळच्या गोठ्यांच्या बारीक चुका. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी खोक्यांची लाकडं जाळलेल्या राखेतले, काळे पडलेले. पाचूबंदरकडून आलेला एखादा होडीचा, जाड आणि जस्ताचा मुलामा दिलेला, हा डब्यातला मानकरी. पावसाळ्यात आवक वाढते, कारण ओल्या रबरात खिळा सहज सरकतो. आणि बहुतेक सगळे मागच्या टायरचे, कारण पुढचं चाक आडवा पडलेला खिळा उडवून उभा करतं आणि मागचं त्याच्यावर चढतं. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला हत्ती अडवायला केवढाले खिळे ठोकले आहेत! हा म्हणतो, उधळपट्टी. रस्त्यावर मूठभर चुका पुरल्या असत्या.

यावर पहिला आक्षेप येईल तो हिशेबाचा. अहो, माणूस काटकसरी असेल, पैसे वाचवत असेल. मुळीच नाही. ट्यूबलेसचं पंक्चर काढायला दुकानात शंभराच्या आसपास पडतात. किट दोन-चारशेचं, वर पायपंप, गेज, आणि उघडल्यावर वाळून जाणारं सोल्यूशन. शिवाय त्याची स्वतःची स्कूटर पंक्चर होतच नाही, कारण ती बाजारापलीकडे फारशी जातच नाही. जन्मभर फुकट दुसऱ्यांची पंक्चरं काढून कुणाचे पैसे वाचत असतील तर ते दुसऱ्यांचे. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: मग हा नाक्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पोटावर पाय देतो. हेही खरं नाही, आणि इथे तो डबाच पंक्चरवाल्याची बाजू मांडतो. गावोगाव एक कुजबुज असते, की पंक्चरवालेच रात्री खिळे पेरतात. बेंगळुरूत बेनेडिक्ट जेबाकुमार नावाच्या अभियंत्याने आउटर रिंग रोडवर चुंबक फिरवून किलोंच्या हिशेबात खिळे गोळा केले होते, आणि तिथे असा संशय घ्यायला जागा होती. पेरलेले खिळे एका जातीचे असतात, नवे, एका दुकानातून वजनावर आणलेले. होळीतल्या डब्यात एकाला एक मिळत नाही. कुणी कुजबुज सुरू केली की हा डबा घेऊन येतो आणि आरोपी निर्दोष सुटतो. पंक्चरवाला त्याला चहा पाजतो, पण खिळे पाहायचं टाळतो. त्याच्याकडे रोज पसाभर पडतात.

तिसरा आक्षेप मात्र खाली बसून ऐकावा असा आहे. टायरवाल्या कंपन्या बाहेरून मारलेल्या प्लगला तात्पुरता इलाज मानतात. पक्कं काम करायचं तर टायर रिममधून उतरवून आतून तपासावा आणि आतून पॅच लावावा. भोक सहा मिलिमीटरच्या वर असेल तर प्लगच्या भरवशावर राहू नये, आणि टायरच्या गालाला, म्हणजे बाजूच्या भिंतीला खिळा लागला असेल तर प्लग मारूच नये, कारण ती भिंत चालताना सतत दबते-फुलते आणि प्लग थुंकून टाकते. म्हणजे हा हौशी माणूस गावाचा जीव धोक्यात घालतोय, असं म्हणता येईल. पण नेमक्या इथेच माझ्या सिद्धांताला भोक पडतं. त्याची कीर्ती ऐकून एखादा पोरगा तामतलावाकडून बाइक ढकलत येतो. खिळा गालात घुसलेला, आणि असा तसा नाही, होडीचा. डब्यातल्या मानकऱ्याचा थोरला भाऊ. काका उकिडवे बसतात, मान तिरकी करतात, बोट ओलं करतात, आणि पक्कड परत पिशवीत टाकतात. 'पोरा, हा मी काढणार नाही. आहे तिथे राहू दे, काढलास तर सगळी हवा जाईल. चालवू नकोस, ढकलत ने, आणि टायर बदल.' खिळ्यासाठी जीव टाकणारा माणूस खिळा जागेवर सोडून उठतो. नुसता संग्राहक असता तर उपटला असता.

तेव्हा मला माझं म्हणणं थोडं मागे घ्यावं लागतं. थोडंच. त्याला खिळा हवा असतो, पण खिळ्याआधी त्याला तो माणूस रस्त्यात अडकलेला नको असतो. यामागे जुनी सवय असावी. १९७२ पासून पुढे कित्येक वर्षं आकुर्डीहून निघालेल्या बजाज चेतकवर ज्यांचा संसार झाला, त्यांच्या स्कूटरला स्टेपनी होती. चाक बसलं तर स्कूटर तिरकी करायची, नट सोडायचे, दुसरं चाक चढवायचं, हात पुसायचे आणि बायकोला म्हणायचं, बस. ट्यूबलेस आलं आणि स्टेपनी गेली. ट्यूब फुटली की हवा एका दमात जायची, गाडी जागच्या जागी सांगायची. ट्यूबलेसमध्ये खिळा स्वतःच बुचासारखा बसतो, हवा थेंब-थेंब जाते, आणि चालवणारा दोन-दोन दिवस त्या खिळ्यावरून ऑफिसला जातो. रिकामी झालेली स्टेपनीची जागा कुणीतरी भरून काढायला हवी होती, ती या गृहस्थाने परस्पर भरली. बायका-पोरींना थांबवून टायर बघण्याचा त्याचा आगाऊपणा याच हिशेबात बसतो. रात्रपाळी संपवून परतणारी नर्स, भर पावसात पार्सल पोचवणारा मुलगा, दहाच्या पुढे होळीच्या बाजारातली शटरं पडल्यावर ज्यांना कुणी वाली नसतो, अशांसाठी तो लुंगीवर, एका हातात टॉर्च आणि डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घेऊन खाली उतरतो. पैसे घेत नाही. दुसऱ्या दिवशी कुणी सुकेळ्यांचा पुडा आणून दिला तर तो घेतो, पण आधी विचारतो, 'रात्री अंधारात खिळा कुठे पडला, दिसला का?'

आता त्या डब्याबद्दल एक गोष्ट, जी तो पाहुण्यांना सांगत नाही. वसई-विरार महानगरपालिका झाली जुलै २००९ मध्ये. त्यानंतरच्या काही वर्षांत स्कूटरला ट्यूबलेस टायर सर्रास येऊ लागले. म्हणजे डबा आणि शहर साधारण बरोबरीने भरत गेले. तळाला मंडपाचे, गोठ्याच्या चुका, केळीच्या नि भाजीच्या खोक्यांचे. मधल्या थरात सेंटरिंगचे खिळे दिसू लागतात, सिमेंट लागलेले. वरच्या थरात आता बहुतेक पत्र्याचे स्क्रू आहेत, षटकोनी डोक्याचे, टोकाला ड्रिल, गळ्यात रबरी वॉशर, वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या गाळ्यांच्या आणि शेडच्या छपरांवरून पडलेले. हे स्क्रू टायरातून उपटून निघत नाहीत, उलटे फिरवून काढावे लागतात, आणि भोक मोठं पाडतात. त्यांच्यावर तो चिकटपट्टी लावत नाही. जागा लिहून काय करायचं, म्हणतो, सगळीकडचे सारखेच. शहराचा विकास आराखडा वाचून जे कळत नाही ते त्या श्रीखंडाच्या डब्यात तळापासून वरपर्यंत नीट लावून ठेवलेलं आहे, आणि घरातल्या कुणालाही तो डबा नको आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारात निघतो आणि दर वेळी हा तो दारातून परत आणतो.

तर वाचकहो, होळीत, पापडीला किंवा तुमच्या गावी त्याने हात करून थांबवलं तर थांबा. चाक फिरवू द्या. प्लग मारून झाला की दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन टायर आतून तपासून घ्या, तो स्वतःही तेच सांगेल. पैसे काढू नका, त्याला राग येतो. त्यापेक्षा त्याला सोल्यूशनची एक नवी ट्यूब आणून द्या. डिकीतली केव्हाच वाळलेली आहे आणि हे तो मरेपर्यंत कबूल करणार नाही.