दिनारचा गुणाकार

बहरीनमधल्या मनामाच्या मराठी घरांत कॉलेजच्या मुलांना काटकसर शिकवण्याचे शास्त्र एकच: गुणाकार. एक दिनार म्हणजे दोनशेहून अधिक रुपये, म्हणून दोन दिनारची कॉफी हे पाप! गंमत अशी की 2001 पासून 0.376 दिनारला एक डॉलर हा दर हललेला नाही; घसरतो तो रुपया. म्हणजे रोजची कॉफी तीच, पण रुपया गडगडला की पोरगा आणखी उधळ्या ठरतो. गुणाकाराने निदान धाक राहतो, असे कोणी म्हणेल. राहतो, पण 2022 पासून 10 टक्के झालेला व्हॅट धाकाने कमी होत नाही. शिवाय बाबांचा पगार गावाकडे सांगताना हाच गुणाकार अभिमानाने होतो. तेव्हा पोरांनो, खर्च दिनार-फिल्समध्येच लिहा. रुपये नातेवाइकांसाठी राखून ठेवा.