शंभर टक्के, पन्नास टक्के, भोपळा

राजकीय पक्षाला देणगी द्या, जुन्या करप्रणालीत त्या रकमेवर शंभर टक्के वजावट. नोंदणीकृत अनाथालयाला देणगी द्या, साधारण पन्नास टक्के. त्याच अनाथालयातलं लेकरू कायदेशीर दत्तक घेऊन घरी न्या आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं सांभाळा.

भोपळा.

म्हणजे माया असली तरी पावती हवी. पावती फाडली की माया सिद्ध होते.

गंमत अशी, की हा हिशेब शिकवणारी शाळा आपल्याच नागपुरात आहे. छिंदवाडा रोडवरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत देशभरातले आयकर अधिकारी घडतात. तिथून श्रद्धानंदपेठेतलं अनाथालय काही फार लांब नाही. प्रशिक्षणार्थींची एखादी सहल तिकडे निघाली तर बिघडणार नाही.

आता दत्तक घ्यायचं म्हणजे काय करायचं? केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या पोर्टलवर नोंदणी. फोटो, जन्माचे दाखले, लग्नाचा दाखला, डॉक्टरचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचा पुरावा. आणि हो, पॅन कार्ड. मग समाजसेविका घरी येते. तर्री-पोहे होतात, चहा होतो. ती खोल्या बघते, गॅलरीला जाळी आहे का बघते, पगार किती, कर्ज किती, हप्ता किती, सगळं वहीत उतरवते. कोपऱ्यातल्या आजीला विचारते, 'आजी, तुमची संमती आहे ना?' आजी म्हणते, 'माझी कायची संमती बाई, मी तर कधीची झबले शिवून बसली!'

आजीचा फॉर्म तिथेच पास.

सरकारचं मात्र वेगळं. आत शिरताना तुमचं आयकर विवरणपत्र उत्पन्नाचा पुरावा म्हणून चालतं. मूल घरी आल्यावर त्याच विवरणपत्रात दत्तकाच्या खर्चासाठी रकाना शोधा. सापडला तर मलाही कळवा.

खर्च नाहीच असं कुणी समजू नये. गृहभेटीच्या अहवालाचे काही हजार, बाल देखभाल निधीचे चाळीस-पन्नास हजार, पुढची दोन वर्षं पाहणीला येणाऱ्यांचं दर भेटीचं शुल्क. शिवाय तपासण्या, प्रवास, बिनपगारी रजा. हा निधी देणगी असता तर निम्मा तरी वजा झाला असता. पण हे शुल्क. सक्तीचं आहे, म्हणून सवलत नाही. स्वखुशीने दिलं असतं तर मिळाली असती!

जुलै महिन्यात सीएच्या ऑफिसात कान देऊन बसा. 'साहेब, मुलगी दत्तक घेतली. काही सुटतं का?' 'अरे व्वा, अभिनंदन भाऊ! शाळेत घातली की ट्यूशन फी टाकू ८०सीमध्ये.' 'अन् तोवर?' 'तोवर एलआयसी काढा.' 'अन् नवीन रिजिम घेतली तर?' 'मग पेढे द्या फक्त.'

कायदा अन्यायी आहे म्हणता? छे. १९६१च्या आयकर कायद्याने मुलाच्या व्याख्येतच दत्तक मूल बसवलं, पोटच्यात आणि दत्तकात भेद केला नाही. अल्पवयीन मुलाचं उत्पन्न आईबापाच्या उत्पन्नात मिळवायचं, तिथेही भेद नाही. त्यावर सूट मुलामागे वर्षाला दीड हजार. पगारातला शिक्षणभत्ता करमुक्त होता, मुलामागे महिना शंभर रुपये. कित्येक वर्षं शंभरच.

शंभर रुपयांत वह्यांना कव्हरंही लागत नव्हती, पण समता पूर्ण होती.

दत्तक आणि सरकारी तिजोरी या जोडीचा नागपूरला जुना अनुभव आहे. डिसेंबर १८५३मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले. घराण्याने यशवंतराव अहेररावांना दत्तक घेऊन जानोजी नाव दिलं. डलहौसीने दत्तक नामंजूर केलं आणि १८५४मध्ये राज्य खालसा. वाड्यातले हत्ती-घोडे-बैल लिलावात मातीमोल गेले, जडजवाहीर कलकत्त्याला. नागपूर मुलखातला कापूस मँचेस्टरला हवा होता, हे लाटसाहेबांनी लपवलंही नाही. पुढे जानोजींना देऊरची जहागीर आणि राजेबहादूर किताब देऊन सारवासारव झाली.

तेव्हा दत्तक नाकारून तिजोरी भरली. आता दत्तक मंजूर होतं, तिजोरी तेवढी उघडत नाही.

अमेरिकेत बघा. १९९७पासून दत्तकाच्या खर्चावर थेट करातून वजावट मिळते. २०२५ सालासाठी कमाल मर्यादा १७,२८० डॉलर, म्हणजे पंधरा लाखांच्या आसपास. कर कमी भरत असाल तर त्यातले पाच हजार डॉलरपर्यंत हातात परत. श्रीमंतांना उत्पन्नाची मर्यादा आहे. आणि ही सवलत परदेशातून आणलेल्या मुलालाही लागू.

म्हणजे विदर्भातलं एखादं लेकरू ओहायोत गेलं, तर त्याला घर दिल्याबद्दल वॉशिंग्टन पालकांचा कर सोडणार. तेच लेकरू नागपूरच्या मनीषनगरात गेलं तर दिल्ली अभिनंदनाचा एसएमएस तरी पाठवेल का?

यावर ठेवणीतला आक्षेप असा: 'लोक टॅक्स वाचवायला मुलं दत्तक घेतील.' अहो, त्यासाठी तीन-साडेतीन वर्षं रांगेत थांबावं लागतं. टॅक्स वाचवायलाच निघालेला माणूस शेतकरी होतो. सातबारा असला की पुरतं, रात्री दोनला उठून दूध गरम करावं लागत नाही.

दुसरा आक्षेप जरा वजनदार. 'तीस हजारांहून जास्त पालक आधीच रांगेत आहेत, मुलंच कमी. मग आमिष कशाला?' खरं आहे. २०२४-२५मध्ये देशात ४,५१५ दत्तकविधानं झाली, बारा वर्षांतली सर्वांत जास्त. पण ही रांग कुणासाठी आहे? दोन वर्षांच्या आतलं, धडधाकट, शक्यतो गोरंगोमटं. आठ वर्षांच्या मुलासाठी रांग नाही. भाऊ-बहीण एकत्र घ्यायचे म्हटलं की फोन लागत नाही. ऐकू न येणारं, पायाने अधू असलेलं मूल तर बहुतेक वेळा परदेशी आईबापच नेतात. २०१९ ते २०२४ या पाच वर्षांत अठरा हजारांवर मुलं दत्तक गेली, त्यात विशेष गरजा असलेली चौदाशेच्या आसपास.

तेव्हा सवलत सरसकट नकोच. मोठ्या मुलांना, भावंडांना, अपंग मुलांना घर देणाऱ्यांना भरघोस. बाकीच्यांना झालेल्या खर्चापुरती. आज अपंग मुलाच्या पालकाला पंच्याहत्तर हजारांची, तीव्र अपंगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट आहे. फक्त जुन्या प्रणालीत. नव्या प्रणालीत अपंगत्व बहुधा आपोआप बरं होत असावं.

आणि ज्याला करच बसत नाही त्याचं काय? नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंत कर शून्य. शून्यातून काय वजा करणार? म्हणून उरलेली रक्कम थेट खात्यात. खात्यात पैसे टाकणं सरकारला जमत नाही म्हणू नका, लाडक्या बहिणी साक्षीला आहेत.

रजेची कथा तर आणखी भारी. प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने दत्तक घेणाऱ्या आईला बारा आठवड्यांची रजा दिली, अट एकच: बाळ तीन महिन्यांच्या आतलं हवं. आणि टाकून दिलेलं बाळ दत्तकासाठी कायदेशीर मोकळं व्हायलाच दोनेक महिने जातात. पुढची कागदपत्रं वेगळी. रजा होती, फक्त घेता येत नव्हती. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

ज्यांनी कुठलाही रकाना न बघता हे काम केलं, ते अचलपूरकडच्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर. शंभरावर बेवारस, अपंग मुलांना त्यांनी बापाच्या जागी स्वतःचं नाव लावू दिलं. २०२४ला पद्मश्री मिळाली. अठरा वर्षांनंतर या मुलांना संस्थेबाहेर काढू नका, असा कायदा करा, ही त्यांची मागणी त्याहून कितीतरी जुनी. पद्मश्री लवकर आली म्हणायची. डिसेंबर २०२०मध्ये त्यांच्या एका मूकबधिर मुलीचं लग्न नागपुरात लागलं. तेव्हाचे गृहमंत्री वधूपिता, जिल्हाधिकारी वरपिता. फोटो झकास आले होते.

कन्यादानाला अख्खं शासन हजर. कन्या लहान असताना कोण होतं?

'आयकर केंद्राचा, आम्ही काय करणार?' असं राज्याने म्हणू नये. व्यवसाय कर राज्याचाच आहे. वर्षाला अडीच हजार, पगारातून गुपचूप कापला जातो. अपंग मुलांच्या पालकांना त्यातून आधीच सूट आहे. त्या यादीत 'दत्तक पालक' हे दोन शब्द वाढवायचे. दत्तकविधानात महाराष्ट्र देशात पहिला म्हणून पाठ थोपटून घेता ना?

डिसेंबरात विधिमंडळ इथे येतंच. हुरडा होतो, संत्र्यांच्या पेट्या मुंबईला जातात, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चे अडतात. दत्तक आईबापांचा मोर्चा त्यात कधी दिसला नाही. लेकराला शाळेतून आणायचं कुणी?

तिजोरीला केवढा खड्डा पडेल, तेही मांडून ठेवू. वर्षभरातली देशातली सगळीच्या सगळी दत्तकविधानं एकट्या महाराष्ट्रात झाली असं धरा. आई आणि बाप दोघांचाही व्यवसाय कर माफ करा. पहिल्या वर्षी रक्कम होते सव्वादोन कोटी.

अधिवेशनाचा मांडव केवढ्याला पडतो, जरा चौकशी करा.